कधीच काही न मागणारा मुलगा

ताई, तुमचं म्हणणं मला जसं कळलं तसं आधी मांडते. बार्शीजवळ तुमचं दोन खोल्यांचं घर. मिस्टर शिवणकाम करतात, तुम्ही अंगणवाडीत मदतनीस आहात आणि गावातल्या बचत गटात आहात. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉट बेसिसवर राहतो. मुलगी दहावीला. मुलगा लहानपणापासून समजूतदार. जत्रेत कधी हट्ट केला नाही, लोकांचे दिवाळीचे कपडे शिवता शिवता त्याचाच शर्ट राहून गेला तरी तोंड वाकडं केलं नाही. आणि आता त्याच्या मित्राकडून तुम्हाला कळतं की गेले काही महिने तो एकाच वेळचा डबा घेतोय, त्याचा गणिताचा पेपर राहिलाय आणि पैसे नव्हते म्हणून त्या पेपरचा परीक्षा फॉर्मसुद्धा त्याने भरला नाही. फोनवर मात्र रोज 'सगळं बरंय'. तुम्ही विचारलंय, आम्ही काटकसरीत वाढवलं म्हणून तो असा घुमा झाला का? की हेच संस्कार त्याला पुढे तारतील?

मी पुण्यात गावाकडून शिकायला आलेल्या मुलामुलींसोबत काम करते. आधी कॉलेजात शिकवत होते. आता वसतिगृहातल्या मुलांशी बोलणं, त्यांचे फॉर्म, फी, आजारपण, घरचे फोन, हेच माझं काम आहे. तुमच्या मुलासारखी मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांच्यावरून सांगते. काटकसरीने त्याचं काही बिघडलेलं नाही. पैशांची ओढाताण त्याने जन्मल्यापासून पाहिली, पण त्याबद्दल त्याच्याशी कुणी उघड बोललं नाही. मग त्याने आपल्या मनाने एकच गोष्ट ठरवली, की आपण मागायचं नाही. अडचण तिथे आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे.

न मागणं मुलं फार लवकर शिकतात. गॅस सिलेंडर आला की आई डब्यातले पैसे दोनदा मोजते, हे सात वर्षांच्या पोराला दिसतं. बाबा दुकानदाराशी बोलताना आवाज खाली करतात, हे दिसतं. शाळेने सहलीचं पत्रक दिलं तर ते घरी दाखवायचं की दप्तरातच ठेवायचं, याचा निर्णय पोर बसथांब्यापासून घरापर्यंत चालता चालता घेऊन टाकतं. पत्रक दप्तरातच राहतं. आईबापांना वाटतं, त्याला सहलीची हौसच नाही. मी मुलांना विचारते, घरी सांगितलं नाहीस असं काय काय आहे, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हे सहलीचं पत्रकच बाहेर येतं.

मग येतं कौतुक. 'आमचं पोर गुणाचं हो, कधी काही मागत नाही.' पाहुण्यांपुढे, शाळेत, भाऊबंदांत हे वाक्य आपण किती प्रेमाने बोलतो! मुलगा ते ऐकत असतो. घरात आपली किंमत कशामुळे आहे हे त्याला त्यातून कळतं. एकदा ते मनात बसलं की मागणं म्हणजे नुसते पैसे मागणं उरत नाही, आपलं चांगलं नाव घालवणं होतं. तुमच्या मुलाने फॉर्मचे काहीशे रुपये मागितले नाहीत ते याच भीतीने, असा माझा अंदाज आहे. त्याला तुमचा राग आलेला नाही. तुम्ही कानातलं गहाण ठेवाल, हे त्याला माहीत आहे. तेच त्याला नकोय.

आता या स्वभावाचं दुसरं अंगही सांगायला हवं, कारण तुम्ही संस्कारांबद्दल विचारलंय. बेताच्या घरातून आलेल्या मुलांमध्ये मी काही गोष्टी पुन्हा पुन्हा पाहते. पैसा हाताळणं त्यांना येतं. परवा एका मुलाची वही पाहिली, लांबट, किराणा दुकानात असते तशी. 'झेरॉक्स ८, वडापाव १५, पीएमपी १०, सुनीलला उसने ५०', आणि खाली रेघ मारून शिल्लक. एकोणीस वर्षांच्या वयात इतका चोख हिशेब पैसेवाल्या घरातली मुलं क्वचितच ठेवतात. खोलीत कुणी तापाने पडलं तर रात्री उठून पेज करून देणारी हीच मुलं. घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत करणारी हीच. हे सगळं त्यांनी तुम्हाला पाहून उचललेलं असतं, आणि ते आयुष्यभर टिकतं.

पण 'गरिबी माणसाला घडवते' हे जे भाषणांत ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. व्यासपीठावर उभा राहून ते सांगणारा माणूस तरून गेलेला असतो. जे मधेच शिक्षण सोडून गेले त्यांना भाषणाला कुणी बोलावत नाही. घरची माणसं घडवतात. ओढाताणीत ती कशी वागतात, एकमेकांशी काय बोलतात, त्यातून मूल घडतं. पैसे तेवढेच असलेल्या दोन घरांतून अगदी वेगळी मुलं बाहेर पडतात ती त्यामुळे.

घरात गुण ठरलेलं न मागणं कॉलेजात कसं नडतं, ते पाहा. वर्गात समजलं नाही तर हात वर होत नाही. सर ओरडतील म्हणून जर्नल दाखवायला दोन दिवस जास्त मागितले जात नाहीत. दात दुखतोय तर दुखू दे. नांदेडकडच्या एका मुलीची शिष्यवृत्ती अडकली होती, कारण तिचं आधार एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. हे विचारायला ती अख्खं सत्र ऑफिसच्या खिडकीपाशी गेली नाही, 'साहेबांना त्रास कशाला' म्हणून. मी बरोबर गेले तर क्लार्कने दोन वाक्यांत सांगितलं की बँकेत जाऊन आधार सीडिंग बदलून घे. काम तेवढंच होतं. पण त्या सत्रात ती सकाळचा नाश्ता सोडून राहिली होती. शहरातल्या सुखवस्तू घरातलं मूल पहिल्याच दिवशी खिडकीवर जाऊन 'काका, माझे पैसे का आले नाहीत?' असं विचारतं. ते जास्त हुशार असतं म्हणून नव्हे. विचारलं तर कुणीतरी उत्तर देतं, हे त्याने घरात पाहिलेलं असतं.

गणिताच्या पेपराबद्दल एक सांगते, म्हणजे तुम्ही त्याला आळशी ठरवणार नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला होता. उसाचं बिल वर्षातून एकदाच हातात येतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर अशा दोन्ही वेळा बुद्धीच्या चाचण्या दिल्या. माणूस तोच, पण पैशांची चणचण असताना त्याची उत्तरं कमी बरोबर येत होती. डोक्याचा मोठा भाग सतत हिशेबात गुंतलेला असतो, तो दुसऱ्या कामाला मोकळा राहत नाही. तुमचा मुलगा संध्याकाळी सात वाजता इंटिग्रेशन सोडवायला बसतो तेव्हा आज रात्रीचा डबा नाही, उद्या झेरॉक्सला पैसे लागतील, महिना संपायला अकरा दिवस आहेत, हे सगळं त्याच पानावर त्याच्या पुढ्यात असतं. शिवाय पोट रिकामं. अशात एकच विषय राहिला याचं मला तर कौतुक वाटतं.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. त्याचं गप्प राहणं पैशांमुळेच आहे का, हे नक्की करायला हवं. पुण्यात येऊन इंग्रजीमुळे, बोलीमुळे किंवा जातीवरून कुणी त्याचा अपमान केला असेल तर तो वेगळा विषय आहे. तिथे नुसता मनीऑर्डरचा आकडा वाढवून भागणार नाही, कॉलेजात कुणाशी तरी बोलावं लागेल. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या किंवा पैसे लावून खेळायच्या गेमच्या जाळ्यात तर तो नाही ना, हेही शांतपणे विचारून घ्या. एक वेळचा डबा बंद करणाऱ्या प्रत्येक मुलाचं तसं असतं असं मुळीच नाही, पण मी पाहिलंय म्हणून सांगते. आणि तो झोपत नसेल, कुणातच मिसळत नसेल, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रास' किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ जा. टेली मानस ही मानसिक त्रासात बोलण्यासाठी सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. तो फोन तुम्हीही करू शकता.

यातलं काही नसेल असं धरून पुढे लिहिते.

घरची परिस्थिती मुलापासून लपवायची की दाखवायची, यावर आपल्याकडे दोन टोकं आहेत. काही घरांत मुलांना काही कळू देत नाहीत. मुलांना तरीही कळतंच, फक्त अर्धवट आणि भीतीसकट. काही घरांत रोज ऐकवतात, 'तुझ्यासाठी किती खस्ता खातोय, जाण ठेव.' ते तर त्याहून वाईट, कारण मुलाला घास गिळतानाही कर्ज घेतल्यासारखं वाटतं. तिसरी वाट आहे आणि ती आपल्याच मातीतली आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. परळच्या चाळीत एकच खोली, घर माणसांनी भरलेलं. मुलाने लवकर निजावं म्हणून वडील रामजी सुभेदार स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला, सगळं शांत झालं की त्याला अभ्यासाला उठवत. भीमरावांना पुस्तक हवं असलं की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे उसने आणत. तिथे नसले तर मुलीचा दागिना मागून घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

या गोष्टीत त्याग आहेच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते असं की मुलाला सगळं माहीत होतं. पुस्तकाचे पैसे कुठून आले, दागिना कुणाचा, तो कधी सुटला. आणि एवढं माहीत असूनही त्याने पुस्तक मागणं थांबवलं नाही. कारण पुस्तक मागणं हा त्या घरात हट्ट नव्हता, सगळ्या घराचं काम होतं. दागिना जातो तसा परतही येतो, हेही तो पाहत होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले त्यामागे ही रोजची उघड देवघेव होती. तुमच्या मुलाला दागिना जाईल एवढंच माहीत आहे. तो कसा सुटतो, घर त्यातून कसं सावरतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. म्हणून त्याला प्रत्येक खर्च म्हणजे तुमच्यावर येणारं कायमचं संकट वाटतं.

तुम्हाला हे दाखवता येईल, कारण तुम्ही बचत गटात आहात. महिन्याच्या बैठकीत काय होतं ते आठवा. ज्या बाईला गरज आहे ती सगळ्यांसमोर सांगते: मला पाच हजार पाहिजेत, शेळी घ्यायची आहे, दहा हप्त्यांत फेडते. रजिस्टरमध्ये नोंद होते, सही होते. कुणी मान खाली घालत नाही. पुढच्या वेळी दुसरीची पाळी असते. पूर्वी हीच बाई सावकाराच्या दारात जाताना पदर डोक्यावरून पुढे ओढून जायची. गरज तीच होती, बाई तीच होती. मागण्याची रीत ठरली, नोंद आली, फेड ठरली आणि लाज गेली. तुमच्या मुलाला घरात अशीच रीत हवी आहे. त्याला गटाची ही गोष्ट तुमच्या तोंडून सांगा. आई गटात कर्ज मागते आणि फेडते, हे बहुतेक मुलांना माहीतच नसतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट, शब्द पाळण्याची. लहान मुलांपुढे एक गोड गोळी ठेवायची आणि थोडं थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचं, हा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, तो बराच गाजला. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, संयम हवा, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ साली नऊशेवर मुलांवर तो नव्याने तपासला तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या संयमाचा प्रभाव बराच खाली आला. मला त्याहून बोलका वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग. तिथे गोळी ठेवण्याआधी मुलांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देते असं सांगितलं होतं. काहींना ते खरंच आणून दिलं, काहींना 'नाहीये गं, संपलं' म्हणून सांगितलं. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं गोळीपुढे सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला ती तीन. दोन्हीकडची मुलं साधारण सारख्याच वयाची.

हातात पैसे कमी असले की शब्द मोडतातच, ते कुणाच्या स्वभावात नसतं. 'पुढच्या महिन्यात नक्की घेऊ' आपण मनापासून म्हणतो आणि पुढच्या महिन्यात सासूबाईंचं औषध निघतं. म्हणून मी पालकांना सांगते, 'बघू' म्हणू नका. होणार नसेल तर स्वच्छ 'नाही' म्हणा आणि कारण सांगा. होणार असेल तर तारीख सांगा, छोटीच रक्कम सांगा, पण ती पाळा. 'दहा तारखेला पाचशे' असं सांगून दहालाच पाचशे येणं, हे 'लागतील तेवढे देऊ बाळा' यापेक्षा मुलाला कितीतरी मोठा आधार देतं. ज्या मुलाला 'नाही' स्पष्ट ऐकायला मिळतं तो पुन्हा मागतो, कारण मागण्याने काही मोडत नाही हे त्याला कळतं. दर वेळी 'बघू' ऐकणारा मागणं सोडून देतो.

इथवर दोन गोष्टी झाल्या: पैशाचं बोलणं उघड हवं, आणि जे बोलू ते पाळता येईल एवढंच बोलावं. आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

त्याला गावी बोलावू नका, तुम्ही पुण्याला जा. गावी तो पुन्हा तुमचा गुणी मुलगा होईल आणि बोलणार नाही. दोघांपैकी कुणी जायचं ते तुमच्या मिस्टरांच्या स्वभावावर आहे. ते पटकन डोळ्यात पाणी आणणारे असतील तर तुम्ही एकट्या जा. ते शांत असतील तर त्यांनी जाणं जास्त चांगलं, कारण मुलगे बापाच्या तोंडून आलेला हिशेब वेगळ्या कानाने ऐकतात. मित्राने सांगितलं हे लपवू नका, पण मित्रावर ठपका येईल असं बोलूही नका. 'तुला एक वेळ उपाशी राहावं लागलं, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं' एवढं पुरे. 'आमच्यापासून लपवलंस' हे वाक्य टाळा. रडूही नका त्याच्यापुढे, निदान पहिल्या तासात. तुम्ही रडलात तर त्याला पुन्हा तेच पटेल, की सांगितल्याने आई दुखावते.

मग वही काढा. तुम्ही घरी कालनिर्णयच्या पानावर दुधाचा खाडा लिहिता ना, तितकंच साधं. शिवणातून सरासरी किती येतात, सणासुदीला किती, आषाढात किती. तुमचं मानधन. गटाचा हप्ता. बहिणीची शाळा. औषधं. खाली जे उरतं ते. त्यातले त्याचे किती, हे त्याच्यासमोर ठरवा. तुम्ही लिहिलंय की खोलीचं भाडं थेट मालकांना देऊन वर त्याला महिन्याला तीन हजार पाठवता. पुण्यात दोन वेळच्या डब्यालाच ते जेमतेम पुरतात. मग झेरॉक्स, बस, साबण, मोबाईलचं रिचार्ज कुठून करायचं? त्याने जेवणातून कापलं, दुसरं काही कापण्यासारखं त्याच्याकडे नव्हतंच. रक्कम वाढवता येत असेल तर वाढवा. नसेल तर तेही त्याच्यासमोरच बोला आणि उरलेलं कुठून आणायचं ते तिघांनी मिळून ठरवा. फक्त एक अट घाला: जेवणातून कापायचं नाही. आणि वर्षातून काही रक्कम, अगदी दोन हजार का असेना, 'न विचारता लागली तर घे' अशी त्याच्या खात्यात वेगळी ठेवा. परीक्षेचा फॉर्म, डॉक्टर, असल्या वेळेसाठी. मुलं ती सहसा वापरत नाहीत, पण ती आहे म्हणून त्यांना झोप लागते.

उरलेलं कुठून आणायचं, याला वाटा आहेत. ठरलेल्या प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश झाला असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीचा मुलगा असेल आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात राहण्याजेवणाला वर्षाला साठ हजारांपर्यंत मिळतात. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत आणि पैसे उशिरा येतात, हे धरूनच चाला. पण अर्जच केला नाही असं होऊ देऊ नका. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना असते, दिवसातले थोडे तास ग्रंथालयात किंवा ऑफिसात काम आणि त्याचा मोबदला. आणि विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी वसतिगृहं पुण्यात १९५५ पासून नेमक्या अशाच मुलांसाठी उभी आहेत. पुढच्या वर्षीसाठी तिथे चौकशी करायला लावा. त्याच्या राहिलेल्या पेपराचं काही बिघडलेलं नाही. परीक्षा विभागात जाऊन पुढचा फॉर्म कधी निघतो ते विचारायचं आणि तारीख घरी सांगायची. हे त्यानेच विचारू दे. तुम्ही शेजारी उभ्या राहा, बोलू नका.

'कमवा व शिका'ला तो नाही म्हणेल, मित्र बघतील म्हणून. बहुतेक मुलं सुरुवातीला नाही म्हणतात. तेव्हा त्याला तुमच्या बाजूच्याच साताऱ्याची गोष्ट सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत आणि स्वयंपाकापासून सगळी कामं स्वतः करत. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. तिथे काम करण्याची लाज कुणाला वाटली नाही, कारण ते सगळेच करत होते आणि सगळ्यांसमोर करत होते. एकट्याने, लपून, अंगावर घेतलेलं काम माणसाला खालचं वाटतं. म्हणून शक्य असेल तर वर्गातल्या आणखी एका मुलासोबत त्याने नाव द्यावं. माझ्या पाहण्यात जोडीने गेलेली मुलं टिकतात.

धाकटीचं विसरू नका. भाऊ पुण्यात काय सोसतोय हे कळलं की ती न मागण्यात त्याच्याही पुढे जाईल. मुलींना तर हे घराघरांत जास्तच शिकवलेलं असतं. वहीचा हिशेब करताना तिलाही बसवा, निदान फोनवर. तिचं दप्तर एकदा तिच्यासोबत बसून रिकामं करा आणि शाळेने दिलेला कागद कोणता राहिलाय का ते विचारा. पुढे तिला व्यावसायिक शिक्षण घ्यायचं असेल तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं, प्रवेश ठरलेल्या प्रक्रियेतून असला की. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, प्रवर्गाचं प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं तिचं स्वतःचं बँक खाते लागेल. दहावीच्या निकालानंतर तहसीलला गर्दी होते, सेतू केंद्रात रांगा लागतात, तेव्हा हे आत्ताच काढून ठेवा. मुलाचा प्रवर्ग आणि त्याचा प्रवेश कोणत्या फेरीतून झाला होता एवढं मला कळवा, म्हणजे त्याने यंदा कोणता अर्ज भरायचा ते नेमकं सांगता येईल.